खांबामागच्या चार खुर्च्या

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधल्या प्रत्येक मराठी घरात झाकणांचा एक ड्रॉवर असतो. त्या झाकणांचे डबे पॉटलकच्या जेवणांच्या वाटेने केव्हाच दुसऱ्यांच्या घरी गेलेले असतात, पण झाकण टाकून द्यायचं कोणाच्या जिवावर येतं. आमच्या बॉलपार्कच्या, म्हणजे बेसबॉलच्या मैदानाच्या, किश्शांचं तसंच झालंय. बॉलपार्क पाडलं, टीम दुसऱ्या गावी गेली, झाकणं तेवढी माझ्याकडे उरली. कोणी जेवायला बोलावलं की मी एखादं काढतो.

आधीच सांगून टाकतो, जुन्या बॉलपार्कच्या नावाने गहिवरणाऱ्या लोकांचा मला मनस्वी कंटाळा आहे. "ओल्ड टाइम चार्म" म्हणे! कसला चार्म? बसलं की पँटीतून लाकडाच्या काड्या टोचायच्या. पुरुषांच्या बाथरूममध्ये एक लांबलचक पत्र्याची पन्हळ होती, तिच्यासमोर बारा जणांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. गुरांची सोयसुद्धा याहून बरी असते. आणि हे बघायला लोक तीन-तीन राज्यं ओलांडून ड्राइव्ह करत यायचे, पन्हळीचे फोटो काढायचे आणि डोळे पुसायचे!

या मूर्खपणात आम्ही चौघं पंचवीस वर्षं सामील होतो. टीम गावात असली की दर शनिवारी दुपारी, चाळीस मिनिटं गाडी हाकत. नाना ओगले आणि कुसुमकाकू, हृदयाचे डॉक्टर दातार, आणि मी. नाना इचलकरंजीचे टेक्स्टाइल इंजिनिअर. तरुणपणी बॉलपार्कच्याच गावातल्या गिरणीत नोकरीला आले, गिरणी बंद पडल्यावर मॉरिसव्हिलला राहायला आले, पण शनिवार काही सुटला नाही. माझी बायको पहिल्याच मॅचनंतर शहाणी झाली. दातारांची सुनीता तर आलीच नाही.

*

पहिल्या वर्षी आमची सगळ्यांची सीझन तिकिटं काढायला नाना गेले. खिडकीतल्या बाईने विचारलं, कुठे बसायचंय? नानांनी इचलकरंजीचं ऊन अंगावर काढलेलं. ते म्हणाले, "शेड. वुई वॉन्ट ओन्ली शेड."

तिने खरोखरच ओन्ली शेड दिली. छप्पर तोलून धरणाऱ्या लोखंडी खांबाच्या थेट मागे!

आमच्या खुर्च्यांवरून पिचर दिसायचा. तो हात फिरवून बॉल टाकायचा आणि बॉल खांबामागे जायचा. तिथे बॅटवाल्याने त्याचं काय केलं ते देवाला आणि अंपायरला ठाऊक. कधी दुसऱ्या बाजूने बॉल बाहेर यायचा, कधी धावत माणूस बाहेर यायचा, कधी काहीच यायचं नाही. दातार पाहुण्यांना सांगायचे, "इथे सस्पेन्स आहे!"

दुसऱ्या वर्षी खुर्च्या बदलता आल्या असत्या. नाना म्हणाले, "आता खांबाची सवय झाली." सवय त्यांना कसली व्हायची? दुसऱ्या इनिंगला ते झोपायचे ते संपल्यावर उठून विचारायचे, "कोण जिंकलं?" बेसबॉल शिकल्या त्या काकू. त्याही कानाने. बॅटचा आवाज झाला की विणकामातून मान वर न करता सांगायच्या, "गेला कुंपणापलीकडे." मग दोन क्षणांनी अख्खं पब्लिक ओरडायचं. पुढच्या रांगेतले गोरे म्हातारे मैदानाकडे बघायचं सोडून काकूंकडे वळून बघायला लागले.

*

मैदानाच्या टोकाच्या भिंतीवर एका गादीवाल्याचा जुना बोर्ड होता. "यावर बॉल मारा, गादी घेऊन जा!" खाली दुकानाचा पत्ता. रंग उडालेला, कोपरा गंजलेला, आणि तरी दातारांचा त्यावर जीव. "ऑथेंटिक पीस आहे यार!" मॅच सोडून ते बोर्डाचे फोटो काढायचे.

एका शनिवारी टीममधल्या नव्या खेळाडूने बॉल थेट त्या बोर्डावर हाणला. आम्हाला अर्थातच दिसलं नाही, पण ठण्ण आवाज झाला. बिचारा सोमवारी टॅक्सी करून त्या पत्त्यावर गादी आणायला गेला! गादीचं दुकान बंद होऊन कैक वर्षं झालेली. त्या जागी आमच्या हसमुखभाईंचं इंडियन ग्रोसरीचं दुकान.

हसमुखभाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अ‍ॅड्रेस इज माइन. सो प्राइज इज ऑल्सो माइन." आणि बासमतीची वीस पौंडांची पिशवी त्याच्या खांद्यावर ठेवली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा त्याच बोर्डावर नेम धरून मारत होता. मॅच संपल्यावर कुंपणापाशी आमच्याकडे आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "माय मॉम वॉन्ट्स टु नो, इज देअर अ बोर्ड फॉर लेंटिल्स?"

*

टीमचं शुभचिन्ह होतं पॉसम. लांब नाकाचा, केसाळ, कचऱ्याच्या डब्यापाशी भेटणारा प्राणी. जगात वाघ-सिंह असताना यांनी हा निवडला! एकदा क्लबने प्रेक्षकांना मान हलवणारा प्लास्टिकचा पॉसम फुकट वाटला. आमच्या आसपासच्या निम्म्या लोकांनी तो खुर्चीवरच टाकला. काकूंनी ते सगळे पिशवीत भरून घरी नेले. "चांगली वस्तू आहे, कोणाला तरी होईल."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॉरिसव्हिलच्या तीसेक बायकांना वाण म्हणून पॉसम मिळाला. एका नव्या सुनेने तो उलटासुलटा करून बघितला आणि भीत भीत विचारलं, "काकू, हा उंदीर आहे का?"

"गणपतीचा समज," काकू म्हणाल्या. त्या वर्षी निदान सहा देव्हाऱ्यांत पॉसम मान हलवत बसला होता.

*

आता दातार. आयुष्यभर लोकांची हृदयं तपासली, पण स्वतःचं हृदय भंगारात अडकलेलं. बेसमेंटमध्ये त्यांचं म्युझियम आहे. जुन्या तिकिटांचे अर्धे तुकडे, हाताने टांगायच्या स्कोअरबोर्डवरचे आकड्यांचे पत्रे, कुठल्याशा पाडलेल्या मैदानाची बाटलीभर माती. ती माती सुनीताने चुकून तुळशीत घातली. तुळस आठवड्यात गेली. दातारांना दुःख झालं ते मातीचं!

पण कळस म्हणजे टर्नस्टाइल. बॉलपार्कच्या गेटवरचं ते लोखंडी फिरतं फाटक, ज्यातून एकेकाने पोट आत घेऊन जायचं. क्लबने बदललं तेव्हा दातारांनी ते घरी आणलं आणि बेसमेंटच्या दारात सिमेंटमध्ये पक्कं बसवलं. त्यातून गेल्याशिवाय म्युझियम दिसायचं नाही. लोक हसत हसत जायचे, दातार मागे उभे राहून तिकीट फाडल्याची अ‍ॅक्टिंग करायचे. परत यायला मागचं दार होतं.

त्या वर्षी मंडळाचा गणपती दातारांच्या बेसमेंटमध्ये बसवायचं ठरलं. गणपती दीड फुटांचा, आरामात आत आला. मग मखर आलं, समया आल्या, आणि मागच्या दारासमोर दातारांच्या वस्तूंची कपाटं सरकवून सजावट झाली, एकेकाने अंग चोरून बाहेर पडण्यापुरती फट ठेवून. विसर्जनाच्या दिवशी नानांनी मूर्ती उचलली, आम्ही गजर केला, मिरवणूक टर्नस्टाइलपाशी आली आणि थांबली. ते फाटक फक्त आतल्या दिशेने फिरतं!

दातार म्हणाले, "ऑथेंटिक आहे. लोकांनी फुकट आत येऊ नये म्हणून तसंच असतं."

"अहो, पण देवाने बाहेर जायचं कसं?" सुनीता ओरडली.

शेवटी गणपती खिडकीतून गेले. बाहेर फुलझाडांत गुडघे टेकून मी मूर्ती झेलली. टर्नस्टाइल अजून तिथेच आहे.

*

आणि नानांचा रुमाल. याच्यावरून मी नानांना जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कशावरून छळलं नसेल.

बॉलपार्कच्या तिकिटावर सेक्शन, रांग, खुर्चीचा नंबर, सगळं छापलेलं असायचं. तरी नाना आत शिरले की आधी पुढे जाऊन चारही खुर्च्यांवर रुमाल टाकायचे! एसटीच्या खिडकीतून टाकतात तसे. मग निवांतपणे पॉपकॉर्नच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. मला लाज वाटायची. एकदा मी चारचौघांत म्हणालो, "नाना, हा इचलकरंजीचा स्टँड नाही. तुमच्या या खांबामागच्या खुर्च्या ओवाळून टाकल्या तरी कोणी घेणार नाही."

नानांनी चौथा रुमाल खुर्चीवर नीट पसरला. मग म्हणाले, "श्रीकांत, नंबर तिकिटाचा असतो रे. रुमाल माणसाचा असतो."

मला हसू आलं. पण आमच्या सेक्शनचा अटेंडंट वॉल्टर मागे उभा होता. सहा फूट उंच, काळा, तेव्हाच सत्तरीला टेकलेला. त्याने दातारांकडून त्या वाक्याचा अर्थ समजून घेतला आणि पटल्यासारखी मान डोलावली. त्यानंतर कोणी अनोळखी माणूस त्या खुर्च्यांकडे वळला की वॉल्टर रुमालाकडे बोट दाखवायचा. हळूहळू पुढच्या रांगेतले म्हातारेही खुर्चीवर रुमाल टाकून बिअर आणायला जायला लागले. अमेरिकेतल्या एका बॉलपार्कच्या एका सेक्शनमध्ये एसटी स्टँडचा कायदा लागू झाला आणि तो कोणी मोडला नाही!

मी मात्र माझा रुमाल कधी टाकला नाही. एक तर तत्त्वाचा प्रश्न. दुसरं, मला तो नाकाला लागतो. वसंतात इथे पाइनच्या झाडांची पिवळी धूळ उडते, शरदात रॅगवीड नावाच्या तणाचे पराग. बारा महिने माझ्या खिशात निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल असतो, आणि त्यावरून काकू मला छळायच्या. "श्रीकांत, तो रुमाल आहे की टेबलक्लॉथ?"

नाना तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी काकू आल्या तेव्हा नानांच्या खुर्चीवर रुमाल होता. पांढरा, घडी घातलेला, वॉल्टरचा. काकूंनी तो उचलला नाही, शेजारी बसून विणायला लागल्या. पुढे प्रत्येक मॅचला तो असायचाच. त्या दिवशीही मी काहीतरी टिंगल करायला तोंड उघडलं होतं. शिंक आली, म्हणून वाचलो.

*

मग बॉलपार्क पाडायचं ठरलं. आणि पाडायचं काम मिळालं कोणाच्या फर्मला? दातारांची मुलगी अनुजा, इथेच जन्मलेली, सिव्हिल इंजिनिअर, त्या फर्मची प्रोजेक्ट मॅनेजर!

दातार दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "अगं, तो आपला वारसा आहे."

"बाबा, दॅट रूफ इज हेल्ड अप बाय पेंट," ती म्हणाली.

मी तिच्या बाजूने होतो. अजूनही आहे.

तिने एक मात्र केलं. पाडायच्या आधीच्या शनिवारी सकाळी दहा वाजता सीझन तिकीटवाल्यांना आत सोडायचं ठरवलं. प्रत्येकाने एक वस्तू घ्यायची. खुर्ची हवी तर स्वतः पाना आणून सोडवायची, आणि वस्तू हातात आली की लगेच गेटबाहेर. पहिला येईल त्याला मिळेल. "नो होल्ड्स, नो रिझर्वेशन्स, नो एक्सेप्शन्स फॉर अंकल्स," असं तिने आम्हाला वेगळं सांगितलं.

काकूंना नानांची खुर्ची हवी होती. दुसरं काही नाही. आम्ही दोघं म्हणालो, आम्ही काढून आणतो. त्यांनी साफ नाही म्हटलं. "दोघांनीही तिला हात लावायचा नाही. नानांचा गिरणीतला पाना आहे माझ्याकडे. मी काढणार." मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून काकू गाडी चालवत नाहीत, तेव्हा त्यांना आणायचं काम दातारांनी घेतलं.

मी त्या सकाळी फक्त गंमत बघायला गेलो. गेटवर वॉल्टर होता, ऐंशी पार केलेला, टाय लावून आलेला. बाहेर तीनशे तरी लोक, प्रत्येकाच्या हातात पाना. काही तर घरून रडतच आले होते. दहाला गेट उघडलं आणि काय सांगू! सत्तरीतली माणसं शाळा सुटल्यासारखी पळाली. एकाने बाथरूमची पन्हळ पकडली, दुसरा म्हणाला ती माझी. पन्हळीवरून भांडण!

तेवढ्यात मला दातार दिसले. गादीच्या बोर्डाला मिठी मारून, डोळे मिटून उभे.

"काकू कुठेत?" मी विचारलं.

दातारांनी डोळे उघडले. "काकू..." एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बोर्डापेक्षा फिका पडला. बोर्ड दुसरं कोणी उचलेल या धास्तीने ते पहाटेच निघाले होते, आणि काकूंना विसरले होते. साफ विसरले होते!

मी त्यांना म्हणालो, निदान त्या खुर्चीवर जाऊन बसा. पण तेवढ्यात अनुजा हेल्मेट घालून आली. "बाबा, यू गॉट युअर आयटम. आउट, प्लीज." दोन कामगारांनी दातारांना बोर्डासकट गेटबाहेर काढलं.

आमच्या सेक्शनमध्ये पाने चालायला लागले होते. रांगेमागून रांग उठत होती. मॉरिसव्हिलला जाऊन परत यायला सव्वा-दीड तास लागतो. मी क्षणभर नानांच्या खुर्चीपाशी उभा राहिलो. मग पळत जाऊन गाडी काढली.

काकू हॉलमध्ये कोचावर तयार होऊन बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर पाना. साडेआठपासून! मी म्हणालो, "काकू, फोन तरी करायचात!"

"दातार ड्राइव्ह करत असतील, म्हटलं उगाच लक्ष विचलित व्हायचं," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्या एकदाच बोलल्या. मी सारखा शिंकत होतो आणि ग्लव्ह बॉक्समधल्या बर्गरवाल्याच्या नॅपकिनांनी नाक पुसत होतो. त्यांनी विचारलं, "तुझा टेबलक्लॉथ कुठे गेला?"

"घरी विसरलो," मी म्हणालो.

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. काकूंचा पाना मी हातात घेतला. आमच्या सेक्शनमध्ये सगळीकडे नुसते बोल्ट आणि सिमेंटमधली भोकं. आमच्या चारांतल्या तीन खुर्च्याही गेलेल्या. खांबामागे एकच खुर्ची उभी होती, आणि तिच्याभोवती पुढच्या रांगेतले चार म्हातारे आपापल्या खुर्च्या जमिनीवर ठेवून पहाऱ्याला उभे होते. अनुजा त्यांना बाहेर जा म्हणून सांगून थकली होती.

त्यांच्यातल्या एकाचा चष्मा बहुधा घरी राहिला असावा. काकू जवळ जायला लागल्या तसा त्याने हात आडवा केला. "सॉरी, मॅम. दॅट वन इज टेकन."

बाकीच्या तिघांनी त्याला कोपराने ढोसलं. काकू पुढे गेल्या. खुर्चीवर रुमाल होता.

काकू गेटवरून आमच्या मागोमाग आलेल्या वॉल्टरकडे वळल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, वॉल्टर."

वॉल्टरने कोटाच्या खिशातून आपला पांढरा रुमाल काढून दाखवला, घडी न मोडलेला. "नॉट मी, मिसेस ओगले."

मी मैदानाकडे बघत होतो. खांब मध्ये होता, पण बघत होतो.

काकूंनी खुर्चीवरचा तो रुमाल उचलला, झटकला, त्याची नीट चौपदरी घडी घातली आणि माझ्या हातात ठेवला.

"घे," म्हणाल्या. "आता नाक पूस, आणि मला पाना दे."